तबकडीसारख्या पंखाला लिफ्ट मिळाली कुठून? व्हॉट व्ही-१७३ विमानाचं प्रकरण

२३ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या स्ट्रॅटफर्ड इथून एक विमान पहिल्यांदा उडालं. त्याला वेगळं धड नव्हतं आणि नेहमीच्या अर्थाने पंखही नव्हते. सगळं विमानच एक जाड, जवळपास गोल तबकडी होतं. पुढे काचेची केबिन, मागे दोन उभ्या शेपट्या, दोन्ही बाजूंच्या पुढच्या कोपऱ्यांवर प्रचंड प्रोपेलर, आणि चाकांचे पाय इतके उंच की जमिनीवर उभं असतानाच नाक २२ अंश वर. व्हॉट कंपनीचे टेस्ट पायलट बून गायटन तेरा मिनिटं हवेत राहिले. कंट्रोल फारच जड लागतात ही त्यांची मुख्य तक्रार होती. विमान उडतंच कसं, हा प्रश्न मात्र त्या दिवसापुरता मिटला.

या विमानाचं नाव व्ही-१७३. आकारामुळे त्याला ‘फ्लाइंग पॅनकेक’ हे टोपणनाव पडलं आणि त्या नावानेच ते विचित्र विमानांच्या यादीत जाऊन बसलं. मला ही यादी अन्यायाची वाटते. लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारं बल, नेमकी काय असते, ती कशाच्या बदल्यात मिळते आणि तिचा हिशेब कुठे चुकतो, हे समजून घ्यायला इतकं स्वच्छ दुसरं प्रकरण मला माहीत नाही. नेहमीच्या पंखात जे परिणाम लहान असतात म्हणून आपण दुर्लक्षित करतो, ते इथे सगळे ढळढळीत दिसतात.

आधी आकडे

व्ही-१७३चा स्पॅन, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, ७.१ मीटर होता. पंखाचं क्षेत्रफळ ४२७ चौरस फूट, म्हणजे सुमारे ३९.७ चौरस मीटर. स्पॅनचा वर्ग करून त्याला क्षेत्रफळाने भागलं की अ‍ॅस्पेक्ट रेशो मिळतो. इथे तो येतो १.२७. ग्लायडरचा अ‍ॅस्पेक्ट रेशो वीसच्या पुढे असतो, प्रवासी जेटचा नऊ-दहाच्या आसपास, लहान खाजगी विमानांचा सात-आठ.

हा १.२७ काही सहज आलेला आकडा नाही. कुठल्याही पूर्ण वर्तुळाचा अ‍ॅस्पेक्ट रेशो ४ भागिले पाय (π), म्हणजे बरोबर १.२७ असतो. बाहेरून पाहिलं तर व्ही-१७३ पुढे बोथट आणि मागे निमुळतं होतं, काटेकोर वर्तुळ नव्हतं. पण क्षेत्रफळ अगदी तेवढंच होतं, जेवढं ७.१ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं असतं.

इंजिनं दोन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची. सांगाडा लाकडी, वर कापड. वजन टनापेक्षा थोडं जास्त. नोंदवलेला कमाल वेग ताशी सुमारे २२२ किलोमीटर. आणि खालच्या टोकाला, समोरून चांगला वारा असेल तर हे विमान काही मीटर धावून जमीन सोडायचं. २५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या वाऱ्यात तर ते जवळजवळ उभंच वर जाऊ शकायचं.

आता पाठ्यपुस्तकातला विद्यार्थी म्हणेल की हे जमायला नको. आखूड पंखाच्या टोकांवरून हवा खालून वर निसटते, भोवरे तयार होतात, लिफ्ट घटते, ड्रॅग (विमानाला मागे ओढणारा हवेचा विरोध) वाढतो. हे खरंच आहे. मग इतक्या हळू वेगात हे यंत्र हवेत राहिलं कशाच्या जोरावर?

झिमरमन यांना बोगद्यात काय दिसलं

या कल्पनेमागचे इंजिनिअर चार्ल्स झिमरमन. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते एनएसीएच्या, म्हणजे आजच्या नासाच्या आधीच्या संस्थेच्या, लँग्ली प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी क्लार्क वाय या त्या काळच्या लोकप्रिय छेदाचे (पंख आडवा कापला तर दिसणाऱ्या आकाराचे) आखूड पंख घेतले आणि विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडणाऱ्या बोगद्यात, त्यांची चाचणी केली. १९३२मध्ये त्याचा अहवाल आला.

नेहमीचा लांब पंख वाऱ्याशी साधारण १५-१६ अंशांचा कोन करेपर्यंत लिफ्ट वाढवत जातो. त्यापुढे वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, लिफ्ट कोसळते. हाच स्टॉल. अ‍ॅस्पेक्ट रेशो एकच्या आसपास आला की हा स्टॉल कितीतरी पुढे ढकलला जातो, असं झिमरमन यांना आढळलं. टोकं गोलसर ठेवली तर पंख चाळीस अंशांच्या आसपासच्या कोनातही लिफ्ट देत राहतो.

असं का होतं? पंखाखालचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून टोकाशी हवा बाहेरून वळसा घालून वर येते. लांब पंखात हा प्रकार फक्त टोकापाशी चालतो आणि मधल्या मोठ्या भागाला त्याचा पत्ताही नसतो. तबकडीत मधला भाग असा उरतच नाही, सगळा पंख टोकांच्या प्रभावाखाली असतो. त्याचे दोन परिणाम होतात आणि ते वेगवेगळे ओळखायला हवेत.

पहिला परिणाम तोट्याचा. दोन्ही टोकांचे भोवरे मधली हवा खाली ढकलतात. पंखाला भासणारा वारा त्यामुळे थोडा वरून येतो, आणि पंख ३० अंशांवर असला तरी त्याला प्रत्यक्षात त्यापेक्षा बराच कमी कोन जाणवतो. लिफ्ट हळूहळू वाढते. लिफ्ट गुणांक म्हणजे पंखाचं क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग बाजूला ठेवून लिफ्ट मोजणारा आकडा. अनंत लांबीच्या आदर्श पंखाचा हा गुणांक दर अंशाला सुमारे ०.११ने वाढतो. आखूड पंखांसाठी रॉबर्ट टी. जोन्स यांनी १९४६मध्ये मांडलेलं सोपं सूत्र लावलं, तर १.२७ अ‍ॅस्पेक्ट रेशोला हा वेग येतो दर अंशाला ०.०३५, म्हणजे एक तृतीयांशापेक्षाही कमी. त्याच वेळी हवा सुटण्याची वेळही लांबते, कारण पंखाला जाणवणारा कोनच कमी असतो.

दुसरा परिणाम फायद्याचा. कोन मोठा झाला की हे भोवरे टोकांच्या मागे न राहता पंखाच्या वरच येऊन बसतात. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब कमी असतो, त्यामुळे त्याखालचा पृष्ठभाग वर ओढला जातो. शिवाय हे भोवरे आजूबाजूची ताजी, वेगवान हवा पृष्ठभागापर्यंत आणून पोचवतात आणि प्रवाह चिकटून राहायला मदत करतात. सरळ रेषेच्या सूत्रात न बसणारी ही जादाची लिफ्ट. तिचा नीट हिशेब मांडायला १९६६ उजाडावं लागलं. लँग्लीतल्याच एडवर्ड पोलहॅमस यांनी तीक्ष्ण कडेच्या डेल्टा (त्रिकोणी) पंखांसाठी ती गणितात बसवली. तोवर कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाची आखणी चालू झाली होती, आणि १९६९मध्ये उडालेल्या त्या विमानाने उतरताना नाक वर करून नेमकी हीच भोवऱ्यांची लिफ्ट वापरली.

म्हणजे तबकडीचा पंख जास्त लिफ्ट देतो, हे विधान जसंच्या तसं चुकीचं आहे. त्याच कोनात तो लांब पंखापेक्षा खूप कमी लिफ्ट देतो. जिथे लांब पंख हात टेकतो तिथून पुढेही तो देत राहतो, हे खरं.

ड्रॅगचा हिशेब, आणि त्यातली नेहमीची गफलत

लिफ्टसोबत येणाऱ्या ड्रॅगला इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात. त्याचा गुणांक लिफ्ट गुणांकाच्या वर्गाला अ‍ॅस्पेक्ट रेशोने भागून मिळतो, सोबत पाय वगैरे स्थिरांक. हे सूत्र वाचलं की सगळे एकच निष्कर्ष काढतात: १.२७ अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणजे ७.५ अ‍ॅस्पेक्ट रेशोच्या पंखाच्या सहापट इंड्यूस्ड ड्रॅग. व्ही-१७३वरची बहुतेक टीका इथूनच सुरू होते.

हा निष्कर्ष अर्धवट आहे. गुणांकाची तुलना करताना आपण दोन्ही पंखांचा लिफ्ट गुणांक सारखा धरतो. विमान मात्र गुणांकाने उडत नाही, ते आपलं वजन उचलतं. तबकडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे तेच वजन त्याच वेगाला उचलायला तिला कमी लिफ्ट गुणांक पुरतो. सूत्रात क्षेत्रफळ घालून नीट मांडणी केली की ते दोन्ही बाजूंनी कटून जातं. उरतं एवढंच: दिलेल्या वेगाला इंड्यूस्ड ड्रॅग हा वजनाच्या वर्गाला स्पॅनच्या वर्गाने भागून ठरतो. अ‍ॅस्पेक्ट रेशो त्यात येतच नाही.

आकडे घालून पाहू. १६० अश्वशक्तीचं सेस्ना १७२ हे अगदी सर्वसाधारण विमान घ्या. स्पॅन ११ मीटर, क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, अ‍ॅस्पेक्ट रेशो ७.५. भरल्यावर वजन टनाच्या थोडं वर, म्हणजे व्ही-१७३च्याच घरात. अ‍ॅस्पेक्ट रेशोंचं गुणोत्तर जवळपास सहा. पण स्पॅनच्या वर्गांचं गुणोत्तर फक्त २.४. म्हणजे समान वजन आणि समान वेग धरला तर तबकडीला इंड्यूस्ड ड्रॅग सहापट नव्हे, सुमारे अडीचपट सोसावा लागतो. आणि तोही ती गोल आहे म्हणून नाही, तिचा स्पॅन कमी आहे म्हणून. ७.१ मीटर स्पॅनचा एखादा सडपातळ पंख याच वजनासाठी वापरला असता तर त्यालाही जवळपास तेवढाच इंड्यूस्ड ड्रॅग आला असता.

गोलपणाची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सेस्नाच्या पंखाच्या तुलनेत तबकडीचा पृष्ठभाग अडीचपट आहे, आणि हवेचं घर्षण या सगळ्या पृष्ठभागावर होतं. पण तबकडीने धडच गिळून टाकलंय. वेगळ्या धडाचा ड्रॅग गेला, पंख आणि धड जुळतात तिथला अडथळाही गेला. शेवटी बाकी काय राहिली याचा अंदाज कमाल वेगावरून येतो. दोन्ही विमानांत १६० अश्वशक्ती, आणि दोन्हींचा कमाल वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. सेस्ना नंतरच्या काळातलं आहे, धातूचं आहे, कापडाच्या प्रायोगिक विमानाशी त्याची तुलना काटेकोर ठरणार नाही. तरी सहापट ड्रॅगचा बाऊ या आकड्यांपुढे टिकत नाही.

प्रोपेलर उलटा फिरवण्याची कल्पना

आखूड पंखांची विमानं झिमरमन यांच्याआधीही उडाली होती. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथे क्लॉइड स्नायडर या पायांच्या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात ‘अरप’ नावाची अशी विमानं बनवली होती आणि ती चांगली उडतही होती. झिमरमन यांचं वेगळेपण प्रोपेलर कुठे बसवायचा आणि कुठल्या दिशेने फिरवायचा यात आहे.

विमानाच्या मागे उभं राहून पुढे बघताय अशी कल्पना करा. उजव्या टोकाशी हवा खालून बाहेर येते, टोकाबाहेर वर चढते, मग पंखावरून आत वळते आणि खाली उतरते. हा भोवरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसतो. डाव्या टोकाचा बरोबर विरुद्ध. झिमरमन यांनी प्रत्येक टोकापुढे एकेक प्रोपेलर बसवला आणि तो भोवऱ्याच्या उलट फिरवला. उजवा प्रोपेलर मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने, डावा उलट. केबिनकडची पाती वर चढतात, बाहेरची खाली उतरतात. प्रोपेलरमागचा झोत नुसता मागे जात नाही, पात्यांच्या दिशेने गरगरतही जातो. त्यामुळे टोकाबाहेर वर चढू पाहणाऱ्या हवेला प्रोपेलरचा झोत खाली दाबतो, आणि भोवऱ्यामुळे जिथे हवा खाली ढकलली गेली असती त्या आतल्या भागात झोत तिला वर उचलतो. भोवरा सौम्य होतो आणि पंख आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो.

१९३३मध्ये त्यांनी ही रचना एनएसीएच्याच एका हलक्या विमानांच्या स्पर्धेत मांडली. ती पहिली आली, पण फार पुढची म्हणून तिला निधी मिळाला नाही. १९३७मध्ये ते व्हॉट कंपनीत गेले, विजेवर चालणारं एक छोटं मॉडेल उडवून दाखवलं, आणि १९४०मध्ये अमेरिकी नौदलाने पूर्ण आकाराच्या विमानाचं काम दिलं. नौदलाला यात रस का वाटला हे उघड आहे. जहाजाच्या डेकवर जागा मोजकी असते, आणि हे विमान स्पॅन आखूड ठेवूनही हळू उतरण्याचं आश्वासन देत होतं. १९४१च्या अखेरीस प्रत्यक्ष व्ही-१७३ लँग्लीच्या ३० बाय ६० फुटांच्या मोठ्या विंड टनेलमध्ये उभं केलं गेलं. मॉडेलऐवजी खरं विमानच, त्याच्या कापडासकट आणि फिरत्या प्रोपेलरसकट.

या रचनेत एक अंतर्गत विरोध आहे आणि मला सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. वेगात जाताना टोकाचे भोवरे नको असतात, कारण ते ड्रॅग वाढवतात. पण मोठ्या कोनात, हळू उडताना, हेच भोवरे पंखावर बसून जादा लिफ्ट देतात आणि स्टॉल लांबवतात. भोवरे पुसायला बसवलेले प्रोपेलर त्या वेळी पंखाच्याच एका आधारावर घाव घालतात. मग हळू वेगातली ती थक्क करणारी लिफ्ट आली कुठून?

हळू वेगातलं गणित

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं. ढोबळ गणित आहे, पण दिशा स्पष्ट दाखवतं.

ताशी ४० किलोमीटर वेग धरा. समुद्रसपाटीच्या हवेत ३९.७ चौरस मीटरचा पंख, लिफ्ट गुणांक १ असेल तर, सुमारे ३०० किलो वजन उचलतो. विमानाचं वजन टनापेक्षा जास्त. म्हणजे साडेतीनच्या आसपास लिफ्ट गुणांक हवा. मागच्या कडेला खाली वळणाऱ्या झडपा (फ्लॅप) नसलेला कुठलाही साधा पंख, गोल असो की लांब, याच्या जवळपासही जात नाही. भोवऱ्यांची जादाची लिफ्ट धरूनही फार तर निम्मं अंतर कापता येईल.

आता प्रोपेलर पाहा. प्रत्येकाचा व्यास सुमारे पाच मीटर, ८० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी अवाढव्य. दोन्ही मिळून जेवढं वर्तुळ व्यापतात त्याचं क्षेत्रफळ ३९ ते ४० चौरस मीटर येतं, म्हणजे जवळजवळ पंखाएवढंच! हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा सगळं विमान माझ्यापुढे उलगडलं. समोरून पाहिलं तर पंखाच्या सबंध रुंदीपुढे प्रोपेलरची वर्तुळं उभी आहेत, पंखाचा जवळपास प्रत्येक भाग झोतात न्हाऊन निघतो.

मोठा आणि हळू फिरणारा प्रोपेलर थोड्या शक्तीत खूप थ्रस्ट (ढकलणारं बल) देतो, हेलिकॉप्टरचं तत्त्व हेच. १६० अश्वशक्ती आणि एवढं क्षेत्रफळ घेतलं तर आदर्श अवस्थेत जागच्या जागी थ्रस्ट येतो ११०० किलोंच्या वर. गिअर आणि पात्यांमधली गळती वजा केली तरी ८०० ते ९०० किलो सहज उरतात. विमानाच्या वजनाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त! एवढा थ्रस्ट देताना मागे सुटणारा झोत ताशी ६५-७० किलोमीटरचा असतो. म्हणजे विमान जमिनीवर थांबलेलं असलं तरी पंखाला मात्र बऱ्यापैकी वारा लागत असतो.

समजा विमान ४५ अंश नाक वर करून हळूहळू पुढे सरकतंय. ८०० किलो थ्रस्टचा वर जाणारा भाग साडेपाचशे किलोंच्या घरात. अर्धं वजन तर प्रोपेलरनेच थेट उचललं. उरलेलं वजन पंखाने उचलायचं, आणि त्याच्यावर ४० किलोमीटरचा मंद वारा नसून झोतामुळे वाढलेला वारा आहे. कुठल्याही एका घटकावर अशक्य मागणी राहत नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल इथेच लागतो. तबकडीने स्वतः फार मोठी लिफ्ट निर्माण केली नाही. तिने ४० अंशांपर्यंत न कोसळता तिरकं उभं राहायची मुभा दिली, आणि त्या मुभेमुळे प्रोपेलरचा थ्रस्ट लिफ्ट म्हणून वापरता आला. नेहमीचं विमान एवढं नाक वर करूच शकत नाही, कारण त्याआधीच त्याचा पंख स्टॉल होतो. म्हणूनच ‘पंखाची लिफ्ट’ आणि ‘इंजिनाचा थ्रस्ट’ असे दोन वेगळे रकाने करून व्ही-१७३ समजत नाही. याच कारणाने दोन्ही इंजिनं शाफ्टने एकमेकांना जोडलेली होती. एक बंद पडलं तर उरलेलं दोन्ही प्रोपेलर फिरवत राहील. एका बाजूचा झोत गेला असता तर त्या बाजूची लिफ्टच गेली असती आणि विमान क्षणात उलटलं असतं.

चाचण्यांमध्ये

१९४२ ते १९४७ या काळात व्ही-१७३ने सुमारे १९० उड्डाणं केली. एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडणारे प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनीही ते उडवून पाहिलं. पायलट स्टिक पूर्ण मागे ओढून धरायचे, तरी विमान नेहमीच्या विमानासारखं एकदम कोसळत नसे. ते नाक वर ठेवून नुसतं खाली बसत जाई आणि कंट्रोल हातात राहत. बोगद्यातली १९३२ची निरीक्षणं हवेत तंतोतंत उतरली होती.

एकदा आणीबाणीत ते समुद्रकिनाऱ्यावर उतरवावं लागलं. अगदी शेवटच्या क्षणी पायलटला समोर दोन माणसं दिसली, त्याने ब्रेक करकचून लावले आणि विमान पाठीवर उलटं झालं. पायलटला फारशी इजा नाही, विमानालाही मोठं नुकसान नाही. हळू वेग आणि तबकडीची आखूड, जाड, मजबूत बांधणी या दोन्हींचं हे श्रेय.

त्रास दिला तो कंपनांनी. त्यांचा उगमही लिफ्टच्या याच पद्धतीत आहे. प्रोपेलर ३०-४० अंश तिरका धरून पुढे सरकवला की खाली उतरणाऱ्या पात्याला समोरची हवा जास्त कोनात आणि जास्त वेगाने भेटते, वर चढणाऱ्याला कमी. एका बाजूला थ्रस्ट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि प्रत्येक फेरीत पात्यावरचा भार चढउतार करतो. हेलिकॉप्टरमध्ये हीच अडचण पात्यांना बिजागरी देऊन सोडवतात.

मोठा भाऊ

नौदलाने यावरून लढाऊ विमान मागवलं, एक्सएफ५यू. आकार साधारण तोच, क्षेत्रफळ थोडंच जास्त, पण वजन साडेसात टनांच्या आसपास आणि १३५० अश्वशक्तीची दोन इंजिनं. सांगाड्याला मेटलाइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड. अपेक्षित वेग ताशी ७०० किलोमीटरच्या जवळपास. प्रोपेलरची पाती हेलिकॉप्टरसारखी हलू शकतील अशी, दोन-दोन पात्यांच्या जोड्या एकापुढे एक बसवलेल्या.

लिफ्टच्या दृष्टीने इथे मूळ समीकरणच बदललं. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार पाचपटीहून जास्त झाला. हळू उतरायचं तर आता थ्रस्टवरचं अवलंबन आणखी वाढणार, म्हणजे सगळा भरवसा लांबलचक शाफ्ट, गिअरबॉक्स आणि त्या गुंतागुंतीच्या पात्यांवर. नेमकं तिथेच काम रेंगाळलं. १९४७मध्ये धावपट्टीवर चाचण्या झाल्या, जमिनीवरून छोट्या उड्या झाल्या, खरं उड्डाण कधीच झालं नाही. तोवर जेट आलं होतं. १७ मार्च १९४७ रोजी नौदलाने प्रकल्प बंद केला आणि विमान मोडीत काढायला सांगितलं. सांगाडा इतका दणकट निघाला की तो फोडायला इमारती पाडायचा लोखंडी गोळा आणावा लागला.

वायुगतिकी हरली म्हणून हा प्रकल्प पडला, असं अनेकदा सुचवलं जातं. मला ते पटत नाही. एक्सएफ५यूच्या पंखाची खरी परीक्षा झालीच नाही. अडला तो शक्ती पंखाच्या टोकापर्यंत पोचवण्याचा यांत्रिक मार्ग.

टोकांवरच्या प्रोपेलरचं पुढे काय झालं

भोवऱ्याच्या उलट फिरणारे टोकावरचे प्रोपेलर ही कल्पना नंतर पुन्हा पुढे आली ती विजेच्या मोटारी हाताशी आल्यावर. मोटार थेट टोकावरच बसवता येते, त्यामुळे शाफ्ट आणि गिअरबॉक्सचं जंजाळ उरत नाही. नासाच्या एक्स-५७ मॅक्सवेल या विद्युत विमानाच्या अंतिम रचनेत पंखाच्या दोन्ही टोकांना असेच प्रोपेलर योजले होते. २०२३मध्ये तो प्रकल्पही उड्डाणाशिवाय थांबला, कारणं पुन्हा यंत्रणेशी निगडित.

तबकडीचा पंख मात्र एका ठिकाणी नंतर उपयोगी पडला. पंखांवर उडणाऱ्या तळहाताएवढ्या ड्रोनना एकूण मापाचीच मर्यादा असते. अमेरिकेतलं ब्लॅक विडो हे १५ सेंटिमीटरचं विमान २००० सालाच्या सुमारास तीस मिनिटं उडालं, आणि त्याचा पंख जवळपास चौकोनी तबकडीच होता. स्पॅन १५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊच शकत नसेल, तर इंड्यूस्ड ड्रॅग त्या स्पॅननेच ठरलेला असतो. मग पंख अरुंद ठेवून काहीच वाचत नाही, आणि रुंद केला तर हळू उडता येतं, स्टॉल लांबतो, बॅटरी बसवायला जागा मिळते. डेकवरच्या जागेसाठी झिमरमन यांनी मांडलेला हिशेब अक्षरशः हाच होता, फक्त मीटरच्या जागी सेंटिमीटर आले.